मागच्या सालचं खत

मामाजी,

काल नातीनं बाजारातून गांडूळखताची पिशवी आणली आणि गॅलरीतल्या टोमॅटोच्या कुंडीत दोन मुठी घातल्या. आज सकाळी दात घासत घासत ती कुंडीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, काहीच फरक नाही. किती दिवस लागतात गं याला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तुमची बोली बाहेर पडली, "घाई तुले आहे, मातीले नाई." ती हसत सुटली. चंद्रपुरात जन्मली, वाढली, पण आमच्या घरात आता असं कोणी बोलत नाही. मीही बोलत नाही. इतकी वर्षं ते वाक्य कुठे बसून राहिलं होतं कोण जाणे. ती कॉलेजला गेल्यावर मी चार कोरे कागद घेऊन बसले. तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी समोरासमोर मी फार थोडं बोलले. सासऱ्यापुढे सुनेनं बोलायचं नाही ही रीत तुम्ही काढलेली नव्हती आणि मीही नव्हती. आपण दोघं ती पाळत होतो, एवढंच.

अहेरीचं ते क्वार्टर तुम्हाला आठवत असेल. पुढे ओसरी, वर कवेलूंचं छप्पर, आणि मागच्या दाराबाहेर लाल मुरमाचा उघडा तुकडा, ज्यावर गवतसुद्धा धरत नव्हतं. तुमचे चिरंजीव जंगल खात्यात कारकून. महिन्यातले बरेचसे दिवस साहेबांबरोबर एटापल्लीकडे मुक्कामाला असत. त्या उन्हाळ्यात माझं पहिलं मूल गेलं. मुलगा होता, नुकता पालथा पडायला लागला होता. ताप आला, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे होतं ते सगळं केलं, आणि दोन-तीन दिवसांत संपलं. मला विशीसुद्धा लागली नव्हती. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते आठवत नाही. स्वयंपाक होत असावा, कारण तुमचे चिरंजीव घरी आले की जेवत होते. आठवतं ते इतकंच, की दुपारभर मी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून त्या मुरमाकडे बघत असे. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच बघवत होतं.

तुम्ही सिंदेवाहीकडच्या आपल्या गावाहून आधी बैलगाडी, मग मोटार असं करत आलात. आठ दिवसांसाठी आलो, म्हणालात. मला वाटलं, नातू गेला म्हणून भेटायला आलेत, भेटतील आणि जातील. पण एका सकाळी मी उंबऱ्यावर येऊन बसले तर माझ्या बघण्याच्या जागेत तुम्ही उभे. धोतराचा काचा मारलेला, शेजाऱ्याची सब्बल मागून आणलेली, आणि मुरूम फोडताय. दगडावर लोखंड आपटल्याचा आवाज सगळ्या लायनीत जातोय. थोड्या वेळानं तुम्ही थांबलात आणि माझ्याकडे न बघता, हवेला सांगावं तसं म्हणालात, "कोनी पानी आनून देईन तं मुरूम नरम येईन." घरात माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मी उठले, घडा भरून आणला, तुमच्यापासून लांब ठेवला आणि परत फिरले. "इथी ओतलं तं बरं होईन," तुम्ही पुन्हा हवेलाच सांगितलंत. मी ओतलं. मूल गेल्यापासून, कोणी न सांगता हात हलावा असं ते पहिलंच काम होतं. म्हणजे सांगितलं होतं तुम्हीच, पण मला नाही, हवेला.

मग आपलं तसंच सुरू झालं. तुम्ही हवेशी बोलायचे आणि मी गाईशी. गाय तुम्ही आठवडी बाजारातून आणली होती. दूध बेताचंच द्यायची, पण तुम्हाला तिचं शेण हवं होतं. "जेवण वाढलंय म्हणावं," मी गाईला सांगायची आणि तुम्ही हात धुवायला जायचे. शेजारणी हसत. मला मात्र ते सोयीचं होतं. कोणी माझ्या डोळ्यांत बघून बोललं असतं तर मी रडले असते, आणि तुम्हाला ते न सांगता कळलं असावं.

आयुष्यभर भात पिकवलेला माणूस तुम्ही. बांधीत किती गाड्या खत टाकायचं हे तुम्ही झोपेतही सांगितलं असतं. पण मुरमातली भाजी तुम्हालाही नवीन होती, आणि मला तर सगळंच नवीन होतं. लाकडाच्या डेपोत तेव्हा भुशाचे डोंगर पडलेले असत, कोणीही न्यावेत. सागाची पानं तर वाटेवर पायाला लागत. इतकं फुकट पडलेलं पाहून तुमच्यातला शेतकरी शांत बसेना. भुसा ओल धरून ठेवतो, मुरूम मोकळा करतो, असा तुमचा हिशेब, आणि तो खोटाही नव्हता. टोपल्याच्या टोपल्या भुसा आपण त्या फोडलेल्या मुरमात कालवला. सागाची पानं एका खड्ड्यात भरली. कडेच्या एका वाफ्यात गाईचं ताजं शेणही तसंच घातलं. मग पाऊस पडला, आणि वांगी, मिरच्या, नात ज्यांना टोमॅटो म्हणते ती भेदरं, अशी रोपं लागली. कुंपणाला बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, बिया टोचल्या.

ताज्या शेणाच्या वाफ्यातली रोपं तर आठवड्यातच करपली. बाकीची तगली, पण वाढेनात. पानं आधी फिकट झाली, मग पिवळी पडली, खालून वर अशी. तुम्ही रोज सकाळी त्यांच्यामध्ये उकिडवे बसून पानं उलटून बघत होता. कीड नव्हती. पाणी कमी नव्हतं. मला काहीच आश्चर्य वाटलं नाही. मनात मी म्हटलं, माझ्या हातचं पाणी आहे, दुसरं काय होणार. हे मी गाईलाही सांगितलं नाही.

त्याच सुमारास गावाहून भावजींचा निरोप आला की रोवणी सुरू झाली आहे, या. तुम्ही आला होता आठ दिवसांसाठी, आणि आता महिना उलटून गेला होता. भातवाल्या घरातला माणूस रोवणीला घरी नाही, असं मी माझ्या माहेरीही कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही निरोप आणणाऱ्याला जेवू घातलंत आणि सांगून पाठवलंत की गुडघे दुखून राह्यले, या साली तुमचं तुम्हीच पाहा. संध्याकाळी त्याच गुडघ्यांनी तुम्ही नदीकडून गाळाच्या टोपल्या वाहून आणल्या. तेव्हा मी दुःखात होते, म्हणून याचा अर्थ मला लागला नाही. तो लागायला वर्षं गेली.

निरोपाला तुम्ही गेला नाहीत, म्हणून आत्याबाई आल्या. तुमची धाकटी बहीण, बोलायला फटकळ, पण वाईट नव्हे. भाऊ कशात अडकला ते बघायला आल्या होत्या. त्यांनी घर पाहिलं, मला पाहिलं, मागे जाऊन ती पिवळी रोपं पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्यांनी विषय काढला. तुमचे चिरंजीव त्या दिवशी घरी होते. मी चुलीपाशी होते आणि मध्ये फक्त कुडाची भिंत होती. आत्याबाईंनी आवाज उतरवला नाही.

"भाऊ, हिच्या हाताले येशच नाई. लेकरू गेलं, आता झाडंबी पिवळी पडून राह्यली. पोराचं दुसरं लगन करून टाका. माझ्या पाहण्यात पोरगी आहे."

त्या काळी दुसरी बायको करायला कायद्यानंही कोणी अडवत नव्हतं. अशी घरं आपल्या ओळखीतच होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास मला आला तरी मी ती उलटली नाही. तुमचे चिरंजीव काही बोलले नाहीत. ते ताटाकडे बघत असणार. त्यांना मी पुढे पुष्कळ वर्षं पाहिलं. ते चांगले होते, पण मोठ्यांपुढे त्यांना शब्द सुचत नसे. मी वाट बघत होते ती तुमच्या आवाजाची, आणि तुम्ही तर शांतपणे घास संपवत होता. मग ताटात हात धुतल्याचा आवाज आला.

"भुसा मीनं कालवला, बाई," तुम्ही म्हणालात. "माती मीनं फोडली, रोपं मीनं लावली. हाताले दोष द्याचा असन तं माहा हात घे. अन् लगनाचं म्हनशीन, तं या घरात सून एकच राहीन. हे पुन्हा काहाडू नको."

एवढंच. आवाज चढला नव्हता. आत्याबाई काहीतरी पुटपुटल्या आणि पाऊस किती पडला यावर गेल्या. मी करपलेली भाकरी गाईला घातली आणि तिच्या अंगाला टेकून बराच वेळ उभी राहिले. तुम्ही माझी बाजू घेतलीत याचं बरं वाटलं, पण त्याहून मोठं काहीतरी झालं होतं. माझ्याकडून झालं असेल असं मी जे मनात धरून बसले होते, ते दुसऱ्या कोणीतरी मोठ्यानं म्हटलं होतं, आणि एका शहाण्या माणसानं ते सरळ खोटं ठरवलं होतं.

दुसऱ्या सकाळी तुम्हाला ते एक वांग्याचं रोप दिसलं. रोज समोरच होतं, पण लक्ष गेलं नव्हतं. गाईच्या खुंट्याशेजारी, जिथे तिचं मूत वाहून जायचं, तिथलं रोप हिरवंगार. तुम्ही त्याच्यापाशी बसलात, मग पिवळ्या रोपांपाशी बसलात, पुन्हा हिरव्यापाशी आलात. कच्चा भुसा स्वतः कुजायलाच जमिनीतला जोर ओढून घेतो, झाडाला काही ठेवत नाही, असं तुम्ही हवेला समजावून सांगितलंत. हवेला ते पटलं. मग आपण एका मडक्यात शेण, गोमूत्र आणि पाणी कालवून फडकं बांधून ठेवलं. वास मारायला लागल्यावर त्यातलं एक तांब्या पाणी बादलीभर साध्या पाण्यात मिसळून झाडाच्या बुडाशी द्यायचं. पण द्यायचं कोणी? तुमचे गुडघे पुन्हा दुखायला लागले. "कोनी दुसऱ्यानं देल्लं तं जमन," तुम्ही म्हणालात, आणि मागच्या दाराशी आत्याबाईंशेजारी जाऊन बसलात, जिथून सगळे वाफे दिसत होते.

मी दिलं. आत्याबाईंच्या नजरेसमोर, रोज थोड्या थोड्या झाडांना. पण मला दम नव्हता. त्या पंधरवडाभर राहणार होत्या आणि मला त्यांच्या डोळ्यांदेखत हिरवं पान हवं होतं. म्हणून एके दिवशी मिरचीच्या वाफ्यात मी मडक्यातलं पाणी तसंच ओतलं, साधं पाणी न मिसळता. दुसऱ्या दिवशी मिरच्यांच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या आणि दुपारी रोपांनी माना टाकल्या. तुम्ही आलात, पाहिलंत, मडक्यात बोट बुडवून वास घेतलात. आणि पहिल्यांदाच हवेशी न बोलता माझ्याकडे वळून म्हणालात, "पोरी, पाजाचं आहे, बुडवाचं नाई. उपाशी मानसाले एकदम पोटभर देल्लं तं तो मरते."

मला गाय आठवली नाही. माझ्या तोंडून सरळ निघालं, "लवकर व्हावं म्हणून दिलं, मामाजी. आत्याबाई जायच्या आत."

तुम्ही मडकं बाजूला ठेवलंत. वाफ्यात साधं पाणी सोडलंत, बादलीमागून बादली, दुखऱ्या गुडघ्यांचं सोंग विसरून. पाणी घालता घालता म्हणालात, "तिच्यासाठी झाडं नाई लावली आपन."

मिरच्यांतल्या निम्म्या वाचल्या. वांग्यांना आठवड्याभरात नवं पान फुटलं. पिवळी पडलेली पानं काही पुन्हा हिरवी झाली नाहीत, ती गळून गेली. पण शेंड्याला आलेलं पान चांगलं गडद होतं. ते मला आधी दिसलं. मी तुम्हाला हाक मारली नाही, कोणालाच सांगितलं नाही, नुसती बघत राहिले. आत्याबाई गेल्या त्या दिवशी त्यांनी पदरात बरबटीच्या शेंगा बांधून नेल्या. चुकलं असं त्यांना वाटलं असेल अशी मात्र माझी समजूत नाही. पुढल्या वर्षी त्यांनी तो विषय भावजींपाशी पुन्हा काढला होता, हे मला नंतर कळलं. पण तोवर मला त्यांची भीती उरली नव्हती.

बरबटीचं एक तुम्हाला सांगायचं आहे. सगळं पिवळं पडलं होतं तेव्हा कुंपणावरची ती एकटी हिरवी होती, आणि तुम्ही मान हलवून म्हणायचे, हिचं गणित काही समजत नाही. नात म्हणते, शेंगावाली झाडं मुळांना गाठी करतात आणि हवेतून आपलं खाणं आपणच घेतात, त्यांना भुशाचा त्रास होत नाही. तुम्हाला हे ऐकून फार आनंद झाला असता. चार दिवस तुम्ही भेटेल त्याला सांगत फिरला असता.

त्या साली वांगी लिंबाएवढीच आली. शेणपाण्याचा जोर लवकर चढायचा आणि लवकर उतरायचा, पुन्हा पाजावं लागायचं. मग तुम्ही तेलाच्या घाणीवरून करंजीच्या बियांची ढेप, म्हणजे पेंड, आणून बुडाशी पुरली. तिनं महिनाभर काही दाखवलं नाही आणि मग हिवाळाभर झाडं धरून ठेवली. सागाची पानं खड्ड्यात होती तशीच होती. मी विचारलं, आता सरळच विचारू लागले होते, की या पानांचा उपयोग कधी. तुम्ही म्हणालात, होईल. गावी नाही का जायचं, असंही एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, जाईन.

तुम्ही गेला नाहीत आणि दुसरा पावसाळा आला. वाफे उकरायला तुम्ही सब्बल घेतली आणि ती लागलीच नाही. माती काळसर झाली होती आणि हात मनगटापर्यंत आत जात होता. भुसा शोधून सापडत नव्हता. खड्ड्यातली पानं चहाच्या भुकटीसारखी झाली होती. गांडुळं निघाली. ज्या वाफ्यानं आपल्याला रडवलं त्याच वाफ्यात त्या साली अशी वांगी धरली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. तुम्ही मुठीत माती घेऊन मला दाखवलीत आणि म्हणालात, "मागच्या सालचं आता लागू होऊन राह्यलं." आपण शेजारी वाटली, दवाखान्यात डॉक्टरांकडे पाठवली, आणि मोटारीनं एक टोपलं आत्याबाईंकडेही गेलं. ते मी भरलं होतं, वरची वांगी निवडून.

त्या हिवाळ्यात मला दिवस गेले. मुलगी झाली. आजच्या या नातीची ती मोठी आत्या. तुम्ही तिला घेऊन वाफ्यांमधून फिरायचे आणि एकेका झाडाचं नाव सांगायचे, जणू ती ओळख करून घ्यायला आली होती. मग सिरोंच्याला बदलीचा हुकूम आला. सामान बांधताना मला त्या मातीसाठी रडू आलं आणि तुम्ही मला नाही, नव्या कारकुनाच्या बायकोला बोलावून मागे नेलंत, शेणपाण्याचं मडकं दाखवलंत, किती पाण्यात किती मिसळायचं ते सांगितलंत. नंतर गावी परतलात. सिरोंच्याला आम्ही असताना भर पुरात तुम्ही गेल्याचा निरोप आला, तो नद्यांनी अडवून ठेवल्यासारखा इतक्या उशिरानं, की सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर आम्ही किती क्वार्टरं बदलली. प्रत्येक ठिकाणी पहिल्या आठवड्यात मी मागची जमीन फोडली. पहिल्या साली भाजी वाईट यायची, शेजारणी हसायच्या, आणि माती जरा तयार झाली की बदली व्हायची. खाणारे दुसरे. मूल नावाच्या गावी बदली झाली तिथे उलटं झालं. मागचं दार उघडलं तर काळीभोर भुसभुशीत माती, आमच्याआधी कोणीतरी वर्षानुवर्षं कालवलेली. कोण ते कधी कळलं नाही. पहिल्याच साली टोपल्यानं भेदरं निघाली. मी ती खाल्ली आणि मनातल्या मनात त्या माणसाला हात जोडले, तसे तुम्हालाही.

माझं पुढचं सगळं आयुष्य, ही मुलं, ही नातवंडं, आज गॅलरीत उभी राहून घाई करणारी ही पोर, त्या दुपारी तुम्ही ताटात हात धुऊन जे बोललात त्याच्यावर उभं आहे. हे तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. पण तेव्हा मला ते इतकं दिसत नव्हतं, आणि दिसलं तेव्हा तुम्ही नव्हता.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, माझ्या कपाटात साड्यांखाली राहतील. एक कबूल करते. नातीनं मघाशी जाता जाता विचारलं की पणजोबा दिसायला कसे होते. तुमचा फोटो कोणी काढलाच नाही. मी आठवायला बसले आणि आठवेना. आवाज आहे, सब्बल धरलेले हात आहेत, मुरमानं लाल झालेल्या टाचा आहेत. चेहरा नाही, मामाजी. मान वर करून तो मी कधी पाहिलाच नव्हता. तिला मी सांगितलं की उंच होते, आणि तेही खरं आहे की नाही मला माहीत नाही.